स्कीमात बैल कुठून आला?

आमच्या ऑफिसात हवी ती फाइल कधी वेळेवर सापडत नाही, पण किस्सा पाहिजे असेल तर नुसती खुर्ची सरकवायची खोटी. परवा मैत्रिणी जमल्या होत्या, त्यांना मी एक-दोनच सांगणार होते. चहा थंड झाला, दुसरा आला, तोही थंड झाला. शेवटी एक जण म्हणाली, "अगं, हे लिहून ठेव. म्हातारी झालीस की यात स्वतःची भर टाकत बसशील." भर मी आत्ताही टाकते, पण कमी टाकते. म्हणून आत्ताच लिहून घेते.

ऑफिस म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात एका तांदळाच्या दुकानावरची खोली. पंखा लावला की खालून कोंडा वर येतो आणि कीबोर्डात जाऊन बसतो. आमचं काम झाडीपट्टीच्या, म्हणजे इकडच्या जंगलपट्ट्यातल्या नाटकांचं. दिवाळी झाली की गावोगावच्या कमिट्या वडशाला येतात, नाटक मंडळांच्या बोर्डाखाली बसून तारखा ठरवतात. कोणतं मंडळ कोणत्या गावात, कोण कलावंत, कोण कोणाच्या गाडीत, हे सगळं आजवर मंडळांच्या मालकांच्या डोक्यात असायचं. ते आम्ही कॉम्प्युटरमध्ये आणायला निघालो.

आम्ही म्हणजे चौघं. दामोदरभाऊ आमचे साहेब. त्यांची हयात नाटक मंडळांची मॅनेजरी करण्यात गेली, आणि म्हातारपणी त्यांना कॉम्प्युटरचं वेड लागलं. माहिती भरायला छायाबाई. त्यांचा नवरा भास्कर नाटकात खलनायक असतो आणि घरी भांडी घासतो. रफीकभाईंचा घरचा धंदा लाइट आणि साउंडचा. आमचं इंटरनेट, आमची वायर, आमची गाडी, सगळं रफीकभाई. आणि मी, इकडचीच, पुण्याची नोकरी टाकून घरी परत आलेली. मला सगळे म्याडम म्हणतात, नावानं हाक मारा म्हटलं तर "हो म्याडम" म्हणतात.

मालक लोकांनी आम्हाला एक सिझन दिला होता. होळीनंतर सगळे बसणार आणि आमचं काम ठेवायचं की बंद करायचं ते सांगणार. बंद झालं तर ऑफिसला कुलूप आणि मी परत पुण्याला. मला नव्हतं जायचं. सरळच सांगते, पुण्यात रविवार आला की मला उगाचच रडू यायचं. बाबांना हे माहीत होतं, तरी रोज जेवताना विचारायचे, "मंग? तिकीट पाहून ठेवू काय?"

आणि सगळ्या मालकांमध्ये मोठे पुंडलिक मालक. ते हो म्हणाले तर बाकीचे हो. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "माह्या डोक्यात सगळं हाय. डोक्याले करंट लागत नाई. तुमच्या मशीनले लागते."

* * *

ग्राफ डेटाबेस म्हणजे काय हे दामोदरभाऊंना समजावायला मी फळ्यावर गोल काढले. हा गोल म्हणजे कलावंत, हा गोल म्हणजे मंडळ, आणि मध्ये हा बाण: काम करतो. झालं.

भाऊंनी उठून बाणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आन रुसला तं?"

"रुसला आणि सोडून गेला, तर बाण काढून टाकायचा."

"म्याडम, रुसला म्हंजे गेला नाई. रुसला म्हंजे तिथीच हाय, पन जेवायले येऊन नाई राह्यला. बाण कसा काढता?"

मी म्हटलं, बरं, मग दुसऱ्या प्रकारचा बाण काढू. आणि फळ्यावर लिहिलं, "रुसून आहे". भाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी खालच्या दुकानदाराला हाक मारून वर बोलावलं आणि तो बाण दाखवला. कोट्यवधी रुपयांच्या कंपन्या जे तंत्रज्ञान वापरतात, त्यात आमच्या ऑफिसनं टाकलेली पहिली मोलाची भर ही.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साधा डेटाबेस म्हणजे मसाल्याचा डबा, वाट्या आधी आणि मसाला नंतर. ग्राफ डेटाबेसात वाट्या नसतात. तुम्ही जे टाकाल त्याची वाटी तिथल्या तिथे तयार होते. म्हणून मधूनमधून डेटाबेसलाच विचारावं लागतं, की बाबा रे, तुझ्यात कोणकोणत्या प्रकारचे गोल आहेत, कोणते बाण आहेत, कोणाला काय माहिती चिकटवली आहे? याचं जे उत्तर येतं त्याला स्कीमा म्हणतात. हे विचारायचं काम माझ्या वतीनं एक लायब्ररी करते. मी एक ओळ लिहायची, ती जाते आणि विचारून येते.

रफीकभाई म्हणाले, "समजलं. आपली बाई खबर काढून आनते."

* * *

पहिल्या महिन्यानंतर मी तिला खबर काढायला पाठवलं. गोलांचे प्रकार मी ठरवून दिले होते: कलावंत, मंडळ, गाव, नाटक, गाडी. स्क्रीनवर आलं: कलावंत, मंडळ, गाव, नाटक, गाडी, बैल.

मी चष्मा पुसला. बैल तसाच.

"छायाबाई, हा बैल काऊन आहे इथी?" मी रागात आले की माझी पुण्याची भाषा आपोआप उतरते.

छायाबाई शांतपणे म्हणाल्या, "शंकरपट असते ना म्याडम. बैलं धावतात त्याच दिवशी गावात नाटक असते. बैलाची तारीख पक्की झाली तरच नाटकाची पक्की होते. मंग बैल नोको काय?"

मी पुढे पाहिलं, तर बैलाला माहिती चिकटवलेली होती. नाव, रंग, मालक आणि स्वभाव. कलावंतांना स्वभावाचा रकाना नव्हता, बैलाला होता.

आणि बैलापासून एक बाण निघून थेट एका कलावंताकडे गेला होता. बाणाचा प्रकार: रुसून आहे. कलावंत: भास्कर, म्हणजे छायाबाईंचा नवरा.

"तो बैल यांच्यावर मागच्या साली धावला जी," छायाबाई म्हणाल्या. "यांनी स्टेजवर खलनायकाचं हसनं काढलं आन तिकडं बैलानं खुंटा उपटला. त्या गावाले यांना पाठवू नोका, म्हनून टाकून ठेवलं."

मी पुण्यात मोठमोठ्या बँकांचे डेटाबेस पाहिलेले आहेत. इतकी कामाची नोंद मी कुठेच पाहिली नव्हती. पण होळीनंतर पुंडलिक मालकांना मी बैल दाखवणार होते का? म्हणून मी छायाबाईंना सांगितलं, बैलाची माहिती त्या त्या गावाच्या गोलाला चिकटवा आणि बैलाचे गोल काढून टाका.

* * *

तर बैल जाईना.

छायाबाईंनी डिलीट केला. स्क्रीनवर बैल. पुन्हा केला. पुन्हा बैल. दुपारपर्यंत ऑफिसात दुसरं काम झालं नाही. दामोदरभाऊ खुर्ची घेऊन स्क्रीनसमोर बसले, जणू त्यांच्या नजरेनं तो उठून जाणार होता. रफीकभाईंनी येऊन विचारलं, "शेपटी पिरगाळून पाहिली काय?"

खरी गोष्ट साधी होती. ती आमची खबरी बाई, म्हणजे लायब्ररी, रोज नव्यानं विचारायला जातच नव्हती. सकाळी एकदा विचारून यायची आणि दिवसभर तेच उत्तर परत परत सांगायची. तिला 'नव्यानं विचारून ये' असं वेगळं सांगावं लागतं. मी तशी एक ओळ लिहिली आणि बैल गेला. भाऊंनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरमोरीकडच्या एका गावाहून कमिटीच्या अध्यक्षांचा फोन. "भाऊ, तारीख पुढं ढकला. पटाचं काई खरं नाई. काल दुपारपासून आमचा बैल सापडून नाई राह्यला. दावं तोडून पळाला."

छायाबाई माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवून बसल्या.

"म्याडम," त्या हळूच म्हणाल्या, "मी म्हनलं होतं ना, नोका काढू."

मी समजावून सांगितलं, योगायोग आहे, मशीनचा आणि बैलाचा काही संबंध नाही. दामोदरभाऊ म्हणाले, "तुमचं बरोबर हाय म्याडम, पन टाकून पाहायले काय जाते?" आणि छायाबाईंनी बैलाचा गोल परत टाकला. रंग, मालक, स्वभाव, सगळं.

संध्याकाळी बैल सापडला. धानाच्या पुंजण्याजवळ, कापून रचलेल्या ढिगापाशी, खात उभा होता.

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात जिवंत प्राणी कोणी डिलीट करत नाही. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या नटानं काम सोडलं. मी म्हटलं त्यांचा गोल काढा, तर छायाबाई उठून उभ्या राहिल्या. "म्याडम, मानूस हसताखेळता हाय. मी पाप घेनार नाई." तो गोल अजून आहे. नटही आहेत, ठणठणीत आहेत.

* * *

हा किस्सा छोटासा आहे. स्टेशनचं नाव वडसा, तालुक्याचं नाव देसाईगंज, गाव एकच. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. डेटाबेसला कोण सांगणार? त्यात वडसा वेगळा गोल आणि देसाईगंज वेगळा गोल झाला.

एक दिवस मशीननं हुकूम काढला, की साउंडचं सामान वडशाहून देसाईगंजला पोचवा. मी डोक्याला हात लावून दोन गोलांचा एक करायला बसले. तोवर रफीकभाईंनी ऑर्डर वाचून सामान गाडीत भरलं, स्टेशनाला चक्कर मारली, जागेवर परत आले आणि सामान उतरवून घेतलं.

वर येऊन म्हणाले, "पोचवलं. रस्ता चांगला हाय."

मी म्हटलं, "रफीकभाई, तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं. पन म्हनलं, होळीनंतर मालकांना सांगता येईल, मशीनचं ऐकून काम होते म्हनून."

हे त्यांनी इतक्या मनापासून सांगितलं की मला रागावता आलं नाही. ऑफिस टिकावं म्हणून प्रत्येक जण आपापल्या परीनं काहीतरी करत होता. कोणाचं डोकं चालत होतं, कोणाची गाडी.

* * *

मध्ये माझा पुण्याचा जुना सीनियर व्हिडिओ कॉलवर आला. मी त्याला कौतुकानं आमचा स्कीमा दाखवला. बाणांचे प्रकार पाहून त्याचं तोंड वाकडं झालं. रुसून आहे. बोलत नाही. याच्या गाडीत बसत नाही. समोर आला तर तोंड फिरवतो.

"हे काय आहे?" तो म्हणाला. "इतके प्रकार नसतात ठेवायचे. सगळ्यांचा मिळून एकच ठेव, 'संबंध आहे'. स्वच्छ दिसेल." मालकांसमोर स्वच्छ दिसावं हे मलाही हवंच होतं. आम्ही एकच ठेवला. स्कीमा इतका देखणा झाला की मी त्याचा फोटो काढला.

पुढच्याच आठवड्यात एटापल्लीकडे नाटक होतं. मशीननं पाहिलं, यांचा एकमेकांशी संबंध आहे, म्हणजे चांगलंच आहे. तिनं सगळ्यांना एकाच गाडीत बसवलं. हिरो, त्याच्याशी न बोलणारी हिरॉइन, तिच्या समोर तोंड फिरवणारा कॉमेडीवाला, भास्कर आणि तबलजी. गाडी चालवायला रफीकभाई.

रफीकभाई सांगतात, "म्याडम, वडशापासून कोनी एक शब्द बोललं नाई. मी समजलो, कोनी मेलं असन. मीबी गानं लावलं नाई."

वाटेत आष्टीला चहाला गाडी थांबली. सगळे वेगवेगळ्या टपऱ्यांवर गेले, चहा पिऊन परत येऊन बसले, गाडी निघाली. पुढे सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची ही लांब रांग, तिच्या मागे मुंगीच्या पावलानं ते एटापल्लीला पोचले. उतरल्यावर रफीकभाईंनी मोजले तर तबलजी नाही.

"तबलजी कुठी हाय?"

हिरो आभाळाकडे पाहू लागला. हिरॉइन पदर सारखा करू लागली.

"आष्टीले राह्यला," शेवटी भास्कर म्हणाला. "गाडीत बसलाच नाई."

"मंग तेव्हा काऊन नाई सांगितलं?"

"सांगू कोनाले? कोनाशी बोलून राह्यलो मी?"

असं करता करता कळलं, की तबलजी मागे राहिल्याचं गाडीतल्या प्रत्येकाला दिसलं होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा सांगेल. आपण आधी बोललो तर आपण नमलो असं होईल, म्हणून सगळे गप्प.

तबलजी आला वेळेवर. खनिज उतरवून रिकामा परतणारा ट्रक त्याला मिळाला, तोही मागच्या हौद्यात. खनिजाच्या धुळीनं डोक्यापासून पायापर्यंत लालभडक होऊन तो थेट स्टेजवर जाऊन बसला. लोकांना वाटलं पौराणिक नाटक आहे, म्हणून पुढच्या रांगेतल्या बायांनी त्याला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मी सगळे बाण परत टाकले. 'याच्या गाडीत बसत नाही'सुद्धा.

* * *

राजन्नाचा किस्सा सांगितला नाही तर कुरखेड्याकडचे लोक माझ्याशी बोलणार नाहीत.

राजन्ना तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याचा. गातो असा, की चालता माणूस थांबतो. मराठी त्याला समजते, पण बोलायची म्हटली की तोंडातून तेलुगूच निघते. म्हणून छायाबाईंनी त्याच्या गोलाला एक जास्तीची माहिती चिकटवली होती: 'मराठी बोलतो का'. उत्तर: 'नाही जी'.

आता आमची ती लायब्ररी. तिची दुसरी खोड अशी, की सगळे कलावंत तपासत नाही. थोड्यांना पाहते आणि सांगते, कलावंतांना नाव, वय, भूमिका एवढंच असतं. ज्या थोड्यांना पाहिलं त्यात राजन्ना नव्हता. म्हणून स्कीमात 'मराठी बोलतो का' आलंच नाही, आणि स्क्रीनवर ते विचारायची सोयही आली नाही.

हे ऐकून दामोदरभाऊ म्हणाले, "म्हंजे पानठेल्यावरच्या लोकाइले विचारून गावाचं मत सांगते. हे तं आमचे पुढारीबी करतात."

तर त्या रात्री कुरखेड्याकडच्या एका गावात बापाची भूमिका करणाऱ्या नटाचा घसा बसला. मशीनला विचारलं, मोकळा कोण, गाता कोणाला येतं, बापाच्या वयाचा कोण? मशीन म्हणालं, राजन्ना. तो जवळच एका नातेवाइकाकडे आला होता, तासाभरात हजर झाला.

नाटक सासुरवाशिणीचं. पोरगी माहेरी परत येते आणि बाप तिला पोटाशी धरतो. विंगेतून प्रॉम्प्टर मराठीत वाक्य सांगायचा, राजन्ना ते कान देऊन ऐकायचा, समजून घ्यायचा आणि तेलुगूत बोलायचा. "बिड्डा, बिड्डा", म्हणजे लेकरा, लेकरा, असा त्यानं हंबरडा फोडला तेव्हा हिरॉइन आधी दचकली आणि मग खरोखर रडली. तिच्या मागोमाग अख्खा मंडप रडला. मला हे फोनवर कळत होतं. मी मनात बॅग भरायला घेतली होती. कारण मंडळ होतं पुंडलिक मालकांचं.

सकाळी गावच्या अध्यक्षांचा फोन आला. मी स्पीकर चालू केला, म्हटलं जे व्हायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे.

"म्याडम, पुढच्या सालीबी तोच बाप पाठवा," ते म्हणाले. "बाकीचे नट काय बोलतात ते सगळं समजते. मंग रडू नाई येत."

पुंडलिक मालकांनी राजन्नाला पुढच्या तीन तारखा दिल्या, आणि तिन्ही ठिकाणी बापाच्याच.

* * *

होळी झाली. मालक लोक आले.

खोलीत इतक्या खुर्च्या कुठून असणार? खालून तांदळाची पोती आणून रांगेत मांडली आणि त्यावर मालक बसले. दामोदरभाऊंच्या खुर्चीवर पुंडलिक मालक. रफीकभाईंनी भिंतीवर नाटकाचा पांढरा पडदा ताणला होता आणि प्रोजेक्टर लावला होता. मी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. दामोदरभाऊंनी नवा सदरा घातला होता आणि त्याची घडी अजून तशीच उठून दिसत होती.

"म्याडम," पुंडलिक मालक म्हणाले, "फुलंपानं नोका दाखवू. आमच्याबद्दल त्याच्यात काय काय भरलं हाय तेवढं दाखवा."

आता हे म्हणजे स्कीमाच. मी ती एक ओळ लिहिली. पडद्यावर गोलांचे प्रकार आले: कलावंत, मंडळ, गाव, नाटक, गाडी, बैल. माना डोलल्या. बैलाबद्दल कोणीच काही विचारलं नाही. बाणांचे प्रकार यायला लागले. रुसून आहे, बोलत नाही, याच्या गाडीत बसत नाही. मागच्या पोत्यावरून कोणी हसलं, "हे तं माहंच मंडळ हाय."

मग सगळ्यात खाली एक बाण आला. मंडळापासून निघून कलावंताकडे जाणारा. प्रकार: पळवला.

हा बाण मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

इथं सांगायला हवं, की आमच्याकडे भर सिझनमध्ये दुसऱ्याचा चालता नट, चालती डान्सर आपल्या मंडळात ओढून घेणं, हे सगळे करतात आणि कोणीच करत नाही. त्यावरून मालकांची डोकी फुटायची वेळ येते, पण तोंडावर नाव घेऊन कोणी बोलत नाही. आणि आता ते पडद्यावर हाताएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

मालक पोत्यांवर बूड सरकवू लागले.

"हे काय हाय?" पुंडलिक मालकांनी विचारलं.

"बाणाचा प्रकार आहे मालक. कोणत्या मंडळानं कोणता कलावंत पळवला, त्याचा."

"नावं कुठी हायत?"

"स्कीमात नावं नसतात. असा प्रकार आहे, एवढंच दिसतं. नावं पाहायची तर आणखी एक ओळ लिहावी लागते." मी बोटं कीबोर्डवर ठेवली. "लिहू का?"

"चहा येऊ द्या आधी," सगळे मालक एकदमच म्हणाले.

ते गॅलरीत चहाला गेले. मी प्रोजेक्टरची वायर काढली आणि ती ओळ लिहिली. उत्तर आलं: काही नाही. पुन्हा लिहिली. काहीच नाही. डेटाबेसात त्या प्रकारचा एकही बाण नव्हता.

रफीकभाई माझ्या कानाशी आले. "म्याडम, ते मी टाकलं होतं. आज सकाळी पडदा लावायले आलो तेव्हा, मशीन चालूच होती. चंद्रपूरच्या एका मंडपवाल्यानं माहा वायरमन पळवला होता, राग होता डोक्यात, टाकून देल्लं. मंग तुम्ही बोलाल म्हनून मालक यायच्या आधी मिटवलं."

बाण मिटला होता, पण आमची खबरी बाई सकाळचंच उत्तर सांगत होती. 'नव्यानं विचारून ये' हे तिला सांगायला मी विसरले होते.

मला हायसं वाटलं. मी उठले आणि गॅलरीकडे निघाले, की मालक, घाबरू नका, त्यात काहीच नाही. दामोदरभाऊंनी दार अडवलं.

"बसा."

"भाऊ, पण त्यात काहीच नाही आहे."

"म्याडम, बसा म्हनलं ना."

मी बसले. मालक आत आले. पोत्यांवर बसताना कोणी कोणाकडे पाहिलं नाही. पुंडलिक मालकांनी मिशीचा चहा पुसला आणि म्हणाले, "काम चांगलं हाय. पुढच्या सिझनलेबी चालू ठेवा."

"ठेवा, ठेवा," सगळे म्हणाले.

"पोरगी आपल्या इकडचीच हाय," एक जण म्हणाला.

"शिकलेली हाय," दुसरा म्हणाला. "तिले एक पंखा आनखी द्या."

"फक्त एक," पुंडलिक मालक म्हणाले, "ती दुसरी ओळ लिवायची नाई."

दामोदरभाऊंनी छातीवर हात ठेवला. "मालक, तुमचा शब्द."

सगळे उठले. मी आतल्या कोपऱ्यात जाऊन बाबांना फोन लावला आणि म्हटलं, तिकीट पाहू नका. तिकडून बाबांचा नाक शिंकरल्याचा आवाज आला. ते म्हणतात सर्दी होती.

बाहेर आले तर मालक खाली गेलेले. खोलीत एकटे पुंडलिक मालक, आपला दुपट्टा शोधत होते. दुपट्टा त्यांच्या खांद्यावर होता.

"म्याडम."

"जी मालक."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "ती दुसरी ओळ... माहं सोडून बाकीच्याइचं तेवढं दिसते काय?"

"दिसते ना," मी म्हटलं. "पण सोडायचं कोणतं, ते आधी मशीनला सांगावं लागतं. तुमची कोणकोणती नावं, ती सांगा, मी लिहून घेते."

मालकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून परत खांद्यावर ठेवला.

"मंग राहू द्या," म्हणाले आणि जिना उतरायला लागले.

मी दार लावायला गेले आणि खाली डोकावले. जिन्यात बाकीचे सगळे मालक उभे होते. एकेका पायरीवर एकेक, पुंडलिक मालकांना वाट करून देत, भिंतीकडे तोंड करून. प्रत्येकाचं वर काहीतरी विसरलं होतं.